अँथनी बर्न्सचे दहा दिवस: बॉस्टन, २४ मे ते २ जून १८५४

१८५४ च्या वसंतात, व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून बॉस्टनला आलेल्या अँथनी बर्न्सने रिचमंडमधल्या आपल्या भावाला पत्र लिहिलं. बॉस्टनच्या टपालात टाकलं असतं तर शिक्क्यावरून ठावठिकाणा कळला असता, म्हणून त्याने ते आधी कॅनडाला पाठवलं आणि तिथून व्हर्जिनियाला रवाना करवलं. पाकिटावर शिक्का कॅनडाचा लागला. आतल्या कागदावर मात्र वर 'बॉस्टन' लिहिलेलं होतं, आणि मजकुरात ब्रॅटल स्ट्रीटवर कॉफिन पिट्सच्या कपड्यांच्या दुकानात काम करतो हेही होतं. भाऊ त्याच मालकाचा गुलाम. गुलामाच्या नावे आलेलं पत्र आधी मालकाच्या हाती जायचं. मालक चार्ल्स सटलने ते वाचलं आणि व्हर्जिनियातल्याच अलेक्झांड्रियाच्या कोर्टाची पायरी चढला.

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण शेवटच्या मिरवणुकीपासून सुरुवात करतात: काळे पडदे, तोफ, पन्नास हजारांची गर्दी. ते दृश्य आहेच तसं. पण बर्न्सला परत नेलं ते कागदांनी. बंदुका त्या कागदांच्या राखणीला होत्या. सुटकेच्या तीन वाटा त्या दहा दिवसांत उघड्या होत्या: कोर्टात बचाव, दार फोडून सुटका आणि पैसे मोजून खरेदी. तिन्ही का बंद झाल्या हे पाहिलं की १८५० चा फरारी गुलाम कायदा प्रत्यक्षात कसा चालायचा ते कळतं.

माणूस आणि त्याचं भाडं

बर्न्सचा जन्म १८३४ चा, व्हर्जिनियातल्या स्टॅफर्ड काउंटीतला. लहानपणी इकडून तिकडून अक्षरओळख झाली, पुढे बाप्टिस्ट चर्चचा सभासद झाला, आपल्या माणसांत प्रवचनही करू लागला. पोरवयात लाकूड कापायच्या गिरणीत उजवा हात सापडला. मोडलेलं हाड नीट बसलं नाही. हाताच्या पाठीवर ते उंचवट्यासारखं वर आलेलं दिसायचं. गालावरही एक व्रण होता. या दोन खुणा पुढे कोर्टात येतात.

सटलला त्याचं स्वतःच्या घरी काम नव्हतं. तो बर्न्सला भाड्याने द्यायचा. व्हर्जिनियात ही सर्रास चालणारी पद्धत होती: करार नव्या वर्षाच्या सुरुवातीला व्हायचा आणि नाताळला संपायचा. आपल्याकडच्या सालगड्यासारखंच साल, फक्त सालाचे पैसे मालकाच्या खिशात. १८५४ मध्ये सटलचा मुखत्यार विल्यम ब्रेंट रिचमंडमध्ये बर्न्सची व्यवस्था पाहत होता. बर्न्स तिथल्या धक्क्यावर जहाजांची मालचढ-उतार करायचा आणि कमाईतून ठरलेली रक्कम भरायचा. धक्क्यावर उत्तरेकडचे खलाशी भेटत. त्यांतल्याच एकाच्या मदतीने तो जहाजात लपला. प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा, जागा हलायलाही न पुरणारी. बॉस्टनला उतरला तेव्हा थंडी संपायची होती.

मालकाच्या दृष्टीने भाड्याची पद्धत फायद्याची. पण जो माणूस स्वतः काम शोधतो, पैसे मोजतो आणि बंदरात वावरतो, तो पळायला सर्वांत मोकळा. रिचमंड, बाल्टिमोर, नॉरफोक इथून सुटलेल्या अनेकांची वाट ही अशीच धक्क्यावरून गेलेली आहे.

कायद्याची यंत्रणा

राज्यघटनेत फरारी 'कामकरी' परत करण्याचं कलम सुरुवातीपासून होतं, १७९३ चा कायदाही होता. तरी उत्तरेतली राज्यं त्यातून अंग काढून घेत. मॅसॅच्युसेट्सने १८४३ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना अशा कामात मदत करायला आणि आपले तुरुंग वापरू द्यायला बंदी केली. म्हणून सप्टेंबर १८५० च्या नव्या कायद्याने सगळी यंत्रणा केंद्र सरकारच्या हातात घेतली. तिचे भाग असे.

ज्युरी नाही. प्रकरण एकट्या कमिशनरपुढे, म्हणजे केंद्राच्या कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, झटपट चालायचं. कमिशनर न्यायाधीश नसला तरी चाले. त्याने माणूस मालकाचा ठरवून दाखला दिला तर फी १० डॉलर, सोडून दिलं तर ५. समर्थकांचं म्हणणं, दाखल्याला लिखापढी जास्त लागते. विरोधक याला उघड लाच म्हणत. माझ्या मते या पाच डॉलरांवर त्या काळी जेवढी शाई खर्च झाली तेवढा त्यांचा परिणाम नव्हता. खरा दात पुढच्या कलमांत होता.

सहाव्या कलमात लिहिलं होतं की ज्याला फरारी म्हटलं जातं त्याची स्वतःची साक्ष पुराव्यात घेतली जाणार नाही. दहाव्या कलमाने मालकाला सोपी वाट दिली: आपल्या राज्याच्या कोर्टात जायचं, माणूस आपला आहे आणि पळाला आहे एवढं शपथेवर नोंदवायचं, वर्णन द्यायचं, आणि ती नोंद शिक्क्यासह घेऊन यायचं. त्या नोंदीतल्या दोन गोष्टी, म्हणजे गुलामी आणि पलायन, उत्तरेच्या कमिशनरने अंतिम मानायच्या. उरतो एकच प्रश्न: समोर उभा आहे तो हाच माणूस का?

मार्शल, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा केंद्राचा अधिकारी, याच्यावर बडगा वेगळा. वॉरंट बजावायला नकार दिला तर १,००० डॉलर दंड, आणि ताब्यातला माणूस निसटला तर त्याची पूर्ण किंमत मार्शलने भरून द्यायची. सुटकेला मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय मालकाला प्रत्येक माणसामागे १,००० डॉलरची भरपाई. दाखला मिळाल्यावर मालकाने 'वाटेत हिसकावून नेतील अशी भीती वाटते' असं शपथेवर सांगितलं की हवी तेवढी माणसं लावून फरारीला त्याच्या राज्यात पोचवायची जबाबदारी मार्शलची. खर्च केंद्राच्या तिजोरीतून. सटलने पुढे नेमका याचाच उपयोग केला.

बॉस्टनला हे नवीन नव्हतं. फेब्रुवारी १८५१ मध्ये फरारी म्हणून पकडलेल्या शॅड्रॅक मिन्किन्सला काळ्या बॉस्टनकरांनी भर कोर्टातून उचलून कॅनडाला पोचवलं होतं. दोनच महिन्यांनी थॉमस सिम्सच्या वेळी प्रशासन सावध झालं: कोर्टाच्या इमारतीभोवती साखळदंड, पहाटेच्या अंधारात धक्क्यापर्यंत पहारा, आणि सिम्स जॉर्जियातल्या सवानाला परत. म्हणजे १८५४ मध्ये दोन्ही बाजूंना एकमेकांचे डाव ठाऊक होते.

अटक, आणि एका खोलीतला संवाद

१६ मे रोजी सटलने अलेक्झांड्रियाच्या कोर्टातून नोंद करून घेतली. २४ मे, बुधवार, कमिशनर एडवर्ड लॉरिंगने वॉरंट काढलं. हा लॉरिंग तीन टोप्या घालणारा माणूस होता. केंद्राचा कमिशनर, मॅसॅच्युसेट्स राज्याचा प्रोबेट न्यायाधीश, म्हणजे विधवा-अनाथांच्या मालमत्तेची प्रकरणं पाहणारा, आणि वर हार्वर्डला कायद्याचा व्याख्याता.

त्या संध्याकाळी बर्न्स दुकान बंद करून घरी निघाला होता. एसा बटमन नावाच्या डेप्युटीने त्याला थांबवलं आणि दागिन्यांच्या दुकानात चोरी केल्याचा आरोप सांगितला. आरोप बनावट होता. गुलाम म्हणून पकडलं असं रस्त्यात कळलं असतं तर पाच मिनिटांत माणसं जमली असती. चोर पकडला तर कोण मध्ये पडतं? सहा-सात जणांनी त्याला अक्षरशः उचलून कोर्टाच्या इमारतीत नेलं. राज्याचे तुरुंग बंद असल्याने केंद्राकडे बॉस्टनात कैदी ठेवायला जागाच नव्हती. म्हणून इमारतीच्या वरच्या मजल्यावरची, केंद्राच्या वापरातली ज्युरीची खोली हीच कोठडी झाली.

दागिन्यांच्या दुकानदाराऐवजी तिथे सटल आणि ब्रेंट आले. सटलने टोपी काढून खोचक अदबीने विचारलं, ''कसे आहात, मिस्टर बर्न्स?'' मग, ''का पळालास, टोनी?''

बर्न्सने सांगितलं की जहाजावर काम करता करता झोप लागली, जाग येण्याआधी जहाज सुटलं.

''मी तुला नेहमी चांगलं वागवलं ना, टोनी?'' यावर तो गप्प राहिला.

''लागतील तेव्हा पैसे दिले ना?''

''तुम्ही मला वर्षातून एकदा साडेबारा सेंट देत होता.''

एवढंच. पण खटल्याचा निकाल खरं म्हणजे इथेच लागला. बर्न्स गाफील होता, घाबरलेला होता, वकील नव्हता. आणि 'मी याला ओळखतो' हे त्याच्या प्रत्येक वाक्यातून निघत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील रिचर्ड हेन्री डाना कोर्टावरून जाताना त्याच्यापाशी पोचला, तेव्हा बर्न्सने मदत घ्यायलाही कां-कू केलं. हे लोक शपथेवर सांगतील आणि मला नेतीलच; मी झगडलो तर तिकडे हाल जास्त होतील, असं त्याचं गणित होतं. ते चुकीचं नव्हतं. शेवटी लॉरिंगने विचारल्यावर त्याने मुदत मागितली. सुनावणी शनिवारवर, तिथून सोमवारवर गेली.

दार फोडण्याचा प्रयत्न का फसला

शुक्रवारी, २६ मे रोजी रात्री फॅन्यूइल हॉलमध्ये सभा होती. वेंडेल फिलिप्स आणि थिओडोर पार्कर हे गुलामगिरीविरोधी वक्ते बोलणार होते. दरम्यान वूस्टरचा पाद्री थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन, त्याचा साथीदार मार्टिन स्टोवेल आणि स्वतः केंटकीहून निसटून आलेला बॉस्टनचा लुइस हेडन यांनी वेगळा बेत आखला. सभा रंगात आली की मागून कोणीतरी ओरडायचं, 'कोर्टावर हल्ला झालाय, चला!' हजारोंचा लोंढा चौकात येईल, त्या गर्दीच्या आडून दार फोडायचं आणि बर्न्सला काढायचं. कुऱ्हाडी विकत आणल्या होत्या, दार फोडायला एक लांब तुळई होती.

बेत कागदावर चांगला होता. चुकला तो निरोपात. व्यासपीठावरच्या वक्त्यांना तो धड कळलाच नव्हता. फिलिप्सला तर माहीतही नव्हतं. मागून आरोळी आली तेव्हा पुढच्यांना ती अफवा वाटली, वक्ते लोकांना थांबवू लागले. हॉलला बाहेर पडायला अरुंद जिना. जे आधी पोचले ते मागे उभे असलेले बघे होते, लढायच्या तयारीने आलेले नव्हे. चौकात मूठभर माणसांनी तुळई पश्चिमेच्या दारावर आदळली. दार थोडं सरकलं. हिगिन्सन आणि एक काळा साथीदार आत शिरले. आतल्या पहारेकऱ्यांनी दंडुके आणि तलवारी चालवल्या, हिगिन्सनच्या हनुवटीवर वार बसला. गोळ्या सुटल्या. या झटापटीत जेम्स बॅचेल्डर हा मार्शलचा पहारेकरी मेला. गोळीने की हत्याराने, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. तेवढ्यात महापौराने बोलावलेल्या दोन तुकड्या चौकात आल्या आणि हल्ला विरला.

शॅड्रॅकच्या वेळी जमलं आणि इथे नाही, याचं कारण धैर्यात शोधू नये. तेव्हा कोर्टात कमी पहारा होता, भरदिवसा काळ्या वस्तीतली एकमेकांना ओळखणारी माणसं सरळ आत गेली होती, कुठल्याही सभेवर अवलंबून नव्हती. इथे बंद दार, आत हत्यारबंद भाडोत्री माणसं आणि परक्यांच्या लोंढ्यावर टाकलेला भरवसा.

त्या रात्रीनंतर वाट पूर्ण बंद झाली. सकाळपर्यंत किल्ल्यावरचे तोफखान्याचे सैनिक आणि नौदल गोदीतले मरीन इमारतीत आले. मार्शल वॉटसन फ्रीमनने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्सला तार केली. उत्तर आलं की वागणूक मंजूर, कायद्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. पुढच्या तारेत सरकारी वकील बेंजामिन हॅलेटला कळवलं गेलं: लागेल तो खर्च करा. मार्शलने जमवलेली माणसं शहरातली नामचीन होती. डानाने शेवटच्या युक्तिवादात टोमणा मारला की हे सगळे या इमारतीत असल्यामुळे गेला आठवडाभर बॉस्टनकरांना दाराला कुलूप लावायची गरज पडली नाही.

बारा वाजून गेले

तिसरी वाट पैशांची. ट्वेल्थ बाप्टिस्ट चर्चचे पाद्री लिओनार्ड ग्राइम्स, स्वतः काळे आणि फरारींना मदत केल्याबद्दल पूर्वी व्हर्जिनियात कैद भोगलेले, यांनी सटलशी बोलणी केली. सटल १,२०० डॉलरला तयार झाला. शनिवारी, २७ तारखेला, ग्राइम्स दिवसभर दारोदार फिरले आणि रात्रीपर्यंत रकमेची जुळणी केली. सर्वांत विचित्र म्हणजे मुक्तीचा कागद लॉरिंगने स्वतः तयार केला. त्यात सटलने १,२०० डॉलर पावल्याचं आणि बर्न्सला त्याचं स्वातंत्र्य कायमचं बहाल केल्याचं लिहिलं होतं. फक्त सही राहिली होती.

हॅलेट आडवा आला. मॅसॅच्युसेट्समध्ये माणसाची विक्री बेकायदा आहे, आणि आधी मार्शलचा खर्च कोण देणार, हे त्याचे दोन मुद्दे. माणूस परत पाठवण्यासाठी हाच वकील केंद्राची ताकद लावत होता आणि विक्रीला विरोध करताना गुलामगिरीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याचा आधार घेत होता. वाद चालू असताना घड्याळात बारा वाजले. रविवार लागला, आणि रविवारी केलेला व्यवहार कायद्याने टिकत नसे. सोमवारी ग्राइम्स पुन्हा गेले तेव्हा सटलने शब्द फिरवला. त्याला आता आधी दाखला हवा होता.

सटल का फिरला? पैसे कमी म्हणून नक्कीच नाही, कारण खुल्या बाजारात बर्न्सची किंमत पुढे ९०५ डॉलरच आली. शुक्रवारच्या हल्ल्यात माणूस मेल्यानंतर हे प्रकरण व्हर्जिनियाच्या प्रतिष्ठेचं झालं होतं. शिवाय त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला; ३० मे रोजी पिअर्सने सही केली. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला दार उघडणाऱ्या सरकारला बॉस्टनमध्ये माघार दिसणं परवडणार नव्हतं.

तीन दिवसांची सुनावणी

२९ ते ३१ मे. सटलच्या बाजूने सेथ थॉमस आणि एडवर्ड पार्कर, बर्न्सच्या बाजूने डाना आणि चार्ल्स मेयो एलिस, दोघेही बिनपैशांनी.

ब्रेंटने साक्ष दिली: हा तोच माणूस, आणि तो रिचमंडहून २४ मार्चला नाहीसा झाला. आता बचावाने एकामागून एक साक्षीदार उभे केले. विल्यम जोन्स या काळ्या मजुराने सांगितलं की १ मार्चला त्याने बर्न्सला बॉस्टनच्या रस्त्यात पाहिलं आणि काही दिवसांत दक्षिण बॉस्टनच्या मॅटापॅन कारखान्यात खिडक्या साफ करायला सोबत नेलं. त्याला कारखान्यातल्या इतरांनी दुजोरा दिला, त्यात नगर परिषदेचा एक सदस्यही होता, जो त्या कारखान्याचा संचालक होता. तारखा पक्क्या होत्या, काहींकडे कामाच्या नोंदी होत्या. म्हणजे २४ मार्चला रिचमंडहून पळालेला माणूस हा असू शकत नाही.

गंमत अशी की बचावाचे साक्षीदार खरं बोलत होते. बर्न्स फेब्रुवारीतच निघाला होता. तारखेत चूक ब्रेंटची होती. पण माणूस ओळखण्यात ब्रेंट चुकला नव्हता. सत्याचे दोन अर्धे तुकडे एकमेकांविरुद्ध उभे होते.

कायद्याच्या बाजूने डानाचे मुद्दे धारदार होते. मालकाने दोन्ही वाटा धरल्या आहेत: दहाव्या कलमाची कोर्ट-नोंदही आणली आणि पलायनाची तोंडी साक्षही दिली, ती साक्ष नोंदीशी जुळत नसेल तर नोंदीच्या आड लपता येणार नाही. बर्न्स भाड्याने दिलेला होता, तर त्या काळात त्याच्या कामावरचा हक्क भाडेकऱ्याचा, सटलचा नव्हे. जहाजात झोप लागून माणूस वाहून गेला असेल तर ते पलायनच नाही. आणि वर्णन: नोंदीत सुमारे सहा फूट उंची, गालावर एक व्रण, उजव्या हाताच्या पाठीवर एक व्रण. समोरच्या माणसाच्या हाताचं मोडकं हाड डोळ्यात भरेल इतकं बाहेर आलेलं, त्याचा उल्लेख कुठे आहे?

२ जूनला सकाळी नऊ वाजता लॉरिंगने निकाल दिला. पलायन आणि गुलामी याबाबत अलेक्झांड्रियाची नोंद अंतिम. ओळखीबाबत साक्षी परस्परविरोधी आहेत, हे त्याने मान्य केलं. मग शंका कशाने मिटते? अटकेच्या रात्री कैद्याने मालकाला जे सांगितलं त्याने.

सहावं कलम पुन्हा वाचा. बर्न्सची साक्ष घेता येत नव्हती, म्हणजे त्याला उभं राहून 'मला जन्मतः पळवलंत' असं म्हणता येत नव्हतं. पण कोठडीत, वकिलाविना, फसवून पकडल्यावर निघालेले त्याचे शब्द त्याच्याविरुद्ध चालले. लॉरिंगच्या मते साक्ष वेगळी, कबुली वेगळी. शास्त्रार्थ म्हणून हा फरक मांडता येतो. मात्र सुनावणीआधीच त्याने फिलिप्सला सांगितलं होतं की प्रकरण इतकं स्पष्ट आहे की हा माणूस परत जाण्यात तुम्ही अडथळे आणणं योग्य होणार नाही, तो बहुधा जाईलच. न्यायाधीशाच्या खुर्चीतून पुरावा येण्याआधी निघालेलं हे वाक्य बॉस्टन विसरलं नाही.

कोर्ट ते धक्का

अंतर मोजून अर्ध्या मैलाच्या आत. त्यासाठी मरीन, तोफखाना, भरलेली तोफ, मार्शलची तलवारधारी माणसं, आणि दोन्ही बाजूंना रस्ते अडवून राज्याच्या मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्याच्या, २२ तुकड्या. महापौराने मिलिशियाचा ताबा सेनापती एडमंड्सकडे दिला होता. पोलीस कॅप्टन जोसेफ हेज याने त्या सकाळी राजीनामा दिला. हे काम आपल्याच्याने होणार नाही असं त्याने लिहून दिलं. स्टेट स्ट्रीटवरच्या दुकानांनी काळे कापड लावलं होतं, झेंडे उलटे टांगले होते, आणि खिडकीतून सोडलेल्या दोरावर 'स्वातंत्र्य' लिहिलेली शवपेटी लोंबत होती. सुमारे ५०,००० लोकांच्या मधून नवा सूट घातलेला बर्न्स चालत गेला. बंदरात केंद्राचं 'मॉरिस' हे जहाज थांबलं होतं.

खर्चाचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा अंदाज ४०,००० डॉलर. १,२०० मध्ये जो व्यवहार शनिवारी रात्री मिटत होता, त्याचा हा हिशोब.

कलमाला कलम

कापड गिरणीवाला अमॉस लॉरेन्स याने लिहिलं की आम्ही रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे, तडजोडीचे व्हिग (त्या काळचा एक राजकीय पक्ष) म्हणून, आणि उठलो ते पिसाट गुलामगिरीविरोधक होऊन. पण लाटेपेक्षा कायद्याचा मसुदा पाहावा. २१ मे १८५५ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने गव्हर्नर गार्डनरचा नकाराधिकार मोडून काढत वैयक्तिक स्वातंत्र्याचा कायदा केला. तो वाचताना समोर बर्न्सची फाईल ठेवल्यासारखं वाटतं. ज्युरीपुढे सुनावणी. पुराव्याचा भार मालकावर. दोन विश्वासार्ह साक्षीदार हवेत, म्हणजे एकटा ब्रेंट पुरणार नाही. फरारी ठरवलेल्या माणसाची स्वतःविरुद्धची कबुली पुराव्यात चालणार नाही: साडेबारा सेंटचा तो संवाद कायद्याने पुसला. राज्याचा न्यायाधीश कमिशनरही राहिला तर पद जाईल. मालकाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाला राज्याच्या कोर्टांची दारं बंद. मिलिशियाने अशा कामात भाग घेतला तर शिक्षा. फरारीला सरकारी खर्चाने वकील.

केंद्राच्या कायद्यापुढे हा टिकला असता का, याची परीक्षा झाली नाही. बर्न्सनंतर मॅसॅच्युसेट्समधून कोणाही फरारीला परत नेलं गेलं नाही. कायदा पुस्तकात जून १८६४ पर्यंत राहिला, पण बॉस्टनमध्ये तो वापरायची किंमत कोणाला परवडत नव्हती.

लॉरिंगला हार्वर्डने १८५५ मध्ये पुन्हा नेमलं नाही. प्रोबेट न्यायाधीशपदावरून त्याला काढायला तीन वर्षं लागली. गार्डनर ऐकेना, १८५८ मध्ये नव्या गव्हर्नर बँक्सने ते केलं. राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅननने लगेच त्याला वॉशिंग्टनच्या दावे न्यायालयावर घेतलं. हल्ल्याबद्दल थिओडोर पार्कर, फिलिप्स, हिगिन्सन यांच्यावरची आरोपपत्रं एप्रिल १८५५ मध्ये तांत्रिक त्रुटीवर निकालात निघाली. बॅचेल्डरच्या मृत्यूबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही. बटमन ऑक्टोबरमध्ये वूस्टरला गेला आणि तिथल्या जमावातून त्याचा जीव वाचवायला गुलामगिरीविरोधकांनाच त्याच्याभोवती कडं करावं लागलं.

९०५ आणि १,३००

बर्न्सला रिचमंडच्या लंपकिनच्या गुलामखान्यात चार महिने ठेवलं. वरच्या मजल्यावरची सहा-आठ फुटांची खोली, हातापायांत बेड्या, पाण्याची बादली आठवड्यातून एकदा-दोनदा. मग लिलाव. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटच्या डेव्हिड मॅकडॅनियलने त्याला ९०५ डॉलरला घेतलं आणि घोडे-बग्गीच्या कामाला लावलं. तो तिथे असल्याची बातमी तिथल्या एका बाईच्या पत्रातून मॅसॅच्युसेट्सला पोचली. पुन्हा एक पत्रच, या वेळी उलट्या दिशेने. मॅकडॅनियल १,३०० डॉलरला तयार झाला, ग्राइम्सनी पुन्हा वर्गणी फिरवली, आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये बाल्टिमोरच्या एका हॉटेलात व्यवहार पुरा झाला. खरेदीच्या वाटेला तत्त्व म्हणून गुलामगिरीविरोधकांत मोठा आक्षेप होता: पैसे देणं म्हणजे मालकी मान्य करणं. ग्राइम्सनी त्यावर वाद घातलेला दिसत नाही. त्यांनी रक्कम जमवली.

पुढे बर्न्स ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात शिकला. व्हर्जिनियातल्या आपल्या जुन्या बाप्टिस्ट चर्चकडे त्याने रीतसर सोडचिठ्ठी मागितली, दुसऱ्या चर्चमध्ये जाता यावं म्हणून. उत्तरादाखल एका वर्तमानपत्राचा अंक आला. त्यात मालकाकडून पळून देवाचा आणि माणसाचा कायदा मोडल्याबद्दल त्याला चर्चमधून काढल्याची सूचना होती. बर्न्सने लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचा मुद्दा असा की जन्मताच मला चोरलं गेलं होतं, आणि चोरांच्या हातून सुटायचा हक्क मला होता. लॉरिंगच्या कोर्टात जी साक्ष घेता येत नव्हती ती ही.

शेवटची दोन वर्षं तो कॅनडातल्या सेंट कॅथरिन्सच्या झायन बाप्टिस्ट चर्चचा पाद्री होता. त्या वस्तीत बहुतेक जण असेच दक्षिणेतून आलेले. जुलै १८६२ मध्ये तो क्षयाने गेला, वय २८.